दूध सोडलंत? मग बी-१२चं काय?

व्हीगन व्हायचं ठरवलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "मग प्रोटीन कुठून मिळणार?" माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. डाळ, उसळ, शेंगदाणे, सोयाबीन आणि भाकरी पोटभर खाणाऱ्या प्रौढ माणसाला प्रथिनं सहसा कमी पडत नाहीत. खरी अडचण आहे ती जीवनसत्त्व बी-१२ची, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ झाला. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप आणि मधही नाही. आपल्याकडे शाकाहारी म्हटलं की दूधदुभतं गृहीत धरलेलं असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो. आत दुधाची पावडर असू शकते. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने २०२२ मध्ये वेगळे नियम केले आणि इंग्रजी 'व्ही' अक्षराचं हिरवं चिन्ह ठरवलं. ते पाहून घ्या. तसं पाहिलं तर तेलावरचं पिठलं, भाकरी, ठेचा, भरली वांगी, नारळाच्या दुधाची सोलकढी हे सगळं व्हीगनच आहे. पण बटाट्याचे वेफर्सही व्हीगन आहेत! त्यामुळे रेस्टॉरंटच्या मेन्यूवर 'व्हीगन' लिहिलं म्हणजे पदार्थ तब्येतीला चांगला, असं समजू नका. खोबरेल तेलापासून केलेल्या व्हीगन चीजमध्ये संपृक्त चरबी आणि मीठ भरपूर असू शकतं.

बी-१२ वनस्पतींमध्ये का नसतं?

हे जीवनसत्त्व ना झाडं बनवतात ना प्राणी. ते फक्त काही जिवाणू बनवतात. गाय-म्हशीच्या पोटातल्या जिवाणूंनी बनवलेलं बी-१२ दुधात उतरतं. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण २ ते २.५ मायक्रोग्रॅम, आणि कपभर दुधात ते जेमतेम १ मायक्रोग्रॅम. म्हणजे अंडी-मासे न खाणाऱ्या घरात हा पुरवठा मुळातच काठावरचा, आणि दूध बंद केलं की तोही संपतो. स्पिरुलिनामुळे फसू नका. त्यात बी-१२सारखं दिसणारं द्रव्य असतं, पण ते शरीराला उपयोगी पडत नाही. आंबवलेल्या इडली-डोशावर किंवा मोड आलेल्या कडधान्यांवरही भिस्त ठेवता येत नाही.

यकृतात बी-१२चा साठा असतो आणि तो भरलेला असेल तर काही वर्षं पुरतो. म्हणून दूध सोडल्यावर सहा महिन्यांनी "मला तर काहीच झालं नाही" असं सांगणारे भेटतात. साठा आधीच कमी असेल तर त्रास लवकर सुरू होतो. थकवा, जीभ लाल होऊन झोंबणं, तळपायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा. यातली मज्जातंतूंची इजा जुनी झाली तर उपचारानंतरही पूर्ण भरून येईलच असं नाही.

यात एक मेख आहे. पालेभाज्या आणि डाळींमधून फोलेट भरपूर मिळतं आणि त्यामुळे रक्तक्षय झाकला जाऊ शकतो. हिमोग्लोबिन चांगलं येतं आणि नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. म्हणून नुसत्या सीबीसीवर समाधान मानू नका, बी-१२ची पातळी तपासा. ती काठावर आली तर डॉक्टर होमोसिस्टीनसारखी तपासणी सांगतील. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी वर्षानुवर्षं पँटोप्राझोल घेणाऱ्यांनी तर ही तपासणी टाळूच नये.

गोळी पहिल्या दिवसापासून

लक्षणांची वाट पाहू नका. ज्या दिवशी दूध सोडाल त्या दिवसापासून बी-१२ सुरू करा. कमतरता नसलेल्या प्रौढांना रोज निदान १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम, अशी मात्रा सर्वसाधारणपणे सुचवली जाते. एका वेळी मोठी मात्रा घेतली तर तिचा थोडाच भाग शोषला जातो, म्हणून हे आकडे एवढे वेगळे दिसतात. कमतरता आधीच असेल तर मात्रा वेगळी लागते, कधी इंजेक्शनही; ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. तत्त्व म्हणून व्हीगन झालेल्यांना गोळीचीही शंका येते. बी-१२ स्वतः जिवाणूंकडूनच तयार करून घेतात, त्यात प्राण्यांचा संबंध नाही. मात्र कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं आणि गोळीत लॅक्टोज असू शकतं, तेवढं केमिस्टला विचारा.

कॅल्शियमसाठी नाचणी, न सोललेले तीळ, शेवग्याचा पाला रोजच्या जेवणात आणा. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्या.

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईने बी-१२ एकही दिवस चुकवू नये. आईला कमतरता असेल तर तिच्या दुधातही बी-१२ कमी उतरतं. असं बाळ सुस्त होतं, शिकलेल्या हालचाली विसरतं, कधी त्याला कंप सुटतो. वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी घरी केलेलं बदामाचं किंवा सोयाचं दूध देऊ नका; आईचं दूध पुरत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडून सोयाचा शिशुआहार लिहून घ्या.