परक्या घरी आलेली चित्रविद्या

संगणकाच्या पडद्यावर चहाची एक किटली संथपणे फिरत असते. तिची तोटी, तिचा कान, झाकण आणि पोटावर पडलेला उजेड हे सारे खऱ्यासारखे भासते. १९७५ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल या संशोधकाने या किटलीचा आकार प्रथम अंकांत मांडला, आणि तेव्हापासून संगणकीय चित्रविद्येच्या कितीतरी प्रयोगांचा श्रीगणेशा याच किटलीने होत आला आहे. हायकू नावाच्या अल्पपरिचित ऑपरेटिंग सिस्टिमवरही ती फिरते. परंतु तिला तेथे फिरविण्यासाठी जे परिश्रम करावे लागले, ते पाहणाऱ्याच्या ध्यानी सहसा येत नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकाच्या घरातील कारभारीण होय. स्मृतीतील जागा कोणाला द्यावयाची, पडद्यावर कोणाची खिडकी कोठे उघडावयाची, याचा निवाडा ती करते. अ‍ॅपल कंपनीतून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० साली ‘बी’ नावाची कंपनी स्थापिली आणि त्या कंपनीने बीओएस ही प्रणाली घडविली. २००१ साली कंपनीची मालमत्ता पाम या कंपनीने विकत घेतली व बीओएसची वाढ खुंटली. तथापि तिच्या चाहत्यांनी त्याच वर्षी तशीच प्रणाली नव्याने व सर्वांस खुली अशी लिहावयास घेतली. २००४ साली तिचे नामकरण हायकू असे झाले. विंडोज किंवा लिनक्स यांच्या मानाने तिचे वापरणारे मोजकेच आहेत. साहजिकच नवी यंत्रे बनविणारे कारखानदार तिच्या सोयीची चिंता क्वचितच वाहतात. अशा प्रणालीला बाहेरची विद्या स्वतःच्या हिमतीने घरी आणावी लागते.

ती विद्या म्हणजे मेसा नावाची ग्राफिक्स लायब्ररी. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचा संग्रह नव्हे. अनेक प्रोग्रॅमना समान उपयोगी पडणाऱ्या तयार कृतींचा तो संग्रह असतो. १९९२ साली सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने ओपनजीएल या नावाने चित्रविषयक आज्ञांची एक सर्वमान्य परिभाषा ठरवून दिली. त्रिकोण कसा मागावा, दिवा कोठे ठेवावा, रंग कसा सांगावा, हे तीत निश्चित झाले. ब्रायन पॉल या अमेरिकन प्रोग्रॅमरने ऑगस्ट १९९३ मध्ये फावल्या वेळात त्या आज्ञा पाळणारी स्वतंत्र लायब्ररी लिहावयास प्रारंभ केला, आणि सिलिकॉन ग्राफिक्सची संमती घेऊन फेब्रुवारी १९९५ मध्ये ती सर्वांस उपलब्ध करून दिली. तीच मेसा होय.

चित्र काढण्यासाठी खास यंत्रभाग नसला, तरी केवळ मुख्य प्रोसेसरकडून गणित करवून चित्र उभे करता येते, हे मेसाचे मोठे वैशिष्ट्य. हायकूला दीर्घकाळ याच गुणाचा आधार मिळाला. मात्र हा आधार स्वस्त नव्हे. १०२४ बाय ७६८ च्या पडद्यावर ७,८६,४३२ बिंदू असतात. सेकंदाला तीस चित्रे दाखवावयाची, तर सुमारे २ कोटी ३६ लाख बिंदूंचे रंग एका सेकंदात ठरवावे लागतात. म्हणून पुढे मेसात एलएलव्हीएमपाइप नावाचा भाग आला. तो हाती असलेल्या प्रोसेसरच्या भाषेत ऐन वेळी आज्ञा तयार करतो आणि प्रोसेसरच्या सर्व गाभ्यांत काम वाटून देतो.

लायब्ररी एका प्रणालीवरून दुसरीवर नेणे म्हणजे तिच्या फाइली उचलून ठेवणे नव्हे. फिरत्या नाटक मंडळीचे नाटक तेच असते. पण गावोगावचा रंगमंच, पडदा आणि आत-बाहेर जाण्याच्या वाटा निराळ्या असतात. पहिली ठेच बांधणीतच लागते. पुष्कळ युनिक्स प्रणालींत गणितीय कृतींची लायब्ररी वेगळी असते, आणि बांधणीच्या सूचनांत तिचे नाव सांगावे लागते. हायकूमध्ये त्याच कृती लिबरूट या मूळ लायब्ररीतच असतात. वेगळी लायब्ररी हुडकणारी बांधणी तेथे अडून बसते. गणित घरात असते. फक्त ते अपेक्षित फडताळात नसते.

दुसरी अडचण पूर्वजांच्या वारशाची आहे. बीओएसचे जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालावेत म्हणून हायकूच्या ३२ बिटांच्या आवृत्तीने जीसीसी २.९५ हा जुना कंपायलर जपून ठेवला. २००१ साली आलेल्या जीसीसी ३ पासून सी प्लस प्लस भाषेतील कृतींना यंत्रपातळीवर नावे देण्याची रीतच बदलली. त्यामुळे एका कंपायलरने बांधलेल्या लायब्ररीला दुसऱ्याने बांधलेला प्रोग्रॅम ओळखत नाही. शिवाय मेसाचा नवा मजकूर जुन्या कंपायलरला पचत नाही. म्हणून नवा कंपायलरही शेजारी नांदवावा लागला. ६४ बिटांच्या आवृत्तीवर मात्र हे ऋण नाही.

बांधणी पार पडली, तरी चित्र अद्याप पडद्यावर आलेले नसते. ओपनजीएलच्या मते चित्राचा आरंभबिंदू खालच्या डाव्या कोपऱ्यात, तर हायकूच्या मते वरच्या डाव्या कोपऱ्यात. हा भेद विसरला की किटली उलटी टांगते. रंगांचे बाइट हायकू स्मृतीत निळा, हिरवा, तांबडा अशा क्रमाने मांडते. क्रम चुकला की तांबडी किटली निळी दिसते. सर्वांत नाजूक गाठ निराळीच आहे. हायकूमध्ये प्रत्येक खिडकी आपला कारभार स्वतंत्र धाग्यावर, म्हणजे थ्रेडवर, चालविते. आणि ओपनजीएलची चित्रस्थिती एका वेळी एकाच थ्रेडच्या हाती असावी लागते. यासाठी बीजीएलव्ह्यू नावाच्या जोडणीत कुलूप लावण्याची व काढण्याची सोय आहे. चित्र काढण्यापूर्वी कुलूप लावावयाचे आणि काम संपताच ते सोडावयाचे. ही शिस्त मोडली, तर दोष रोज दिसत नाही. तो कधीतरी अवचित प्रकट होतो, आणि म्हणूनच तो शोधणे कठीण जाते.

इतके झाल्यावर जे शिकले ते लिहून ठेवणे हेही कर्तव्यच ठरते. हायकूपोर्ट्स या उपक्रमात प्रत्येक लायब्ररीसाठी एक पाककृती लिहिली जाते. मूळ मजकूर कोठून आणावा, तो अस्सल आहे हे कसे पडताळावे, कोणत्या दुरुस्त्या कराव्यात, आधी काय हवे आणि बांधणी कशी करावी, हे तीत नोंदलेले असते. तथापि दुरुस्त्या आपल्याच घरी ठेवल्या, तर मेसाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी त्या पुन्हा बसवाव्या लागतात. म्हणून त्या मूळ लायब्ररीत सामावल्या जाव्यात, असा यत्न करणे श्रेयस्कर. पण तेथेही स्थान कायमचे नसते. फेब्रुवारी २०१२ मध्ये आलेल्या मेसा ८.० मधून बीओएससाठीचा जुना भाग वगळण्यात आला. पुढे हायकूसाठीची नवी जोडणी मूळ मजकुरात दाखल झाली. परक्या मजकुरात मिळालेली जागा ही वतनासारखी नसते. तेथे कोणीतरी सतत राबावे लागते, एवढाच या घटनेचा बोध.

या श्रमांचा लाभ केवळ हायकूला होतो असे मात्र नाही. गणित नेहमी अमुक ठिकाणीच सापडेल, किंवा खिडकी अमुक रीतीनेच वागेल, अशी जी गृहीते लेखकाच्या नकळत लायब्ररीत शिरलेली असतात, ती परक्या घरी गेल्यावरच उघडी पडतात. चित्रविद्येचे खरे मर्म कोणते आणि केवळ सवयीचा भाग कोणता, हे तेव्हा स्पष्ट होते. मोठ्या प्रणाली आपल्या बळावर चालतात. लहान प्रणाली मात्र अशा निवडक माणसांच्या चिकाटीवर तगून राहतात. ती चिकाटी जोवर टिकेल, तोवर हायकूच्या पडद्यावरील किटली सरळ उभी राहील, आपल्याच रंगात दिसेल आणि न अडखळता फिरत राहील.