शेपटीच्या जागी पाय

1992 साली ओडिशातल्या उत्कल विद्यापीठाच्या प्रियंवदा मोहंती-हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक अजब गोष्ट छापली. बेडूकमाशाची शेपटी कापून त्याला अ जीवनसत्त्वाच्या द्रावणात ठेवलं, तर तिथे पुन्हा शेपटी येत नाही, पाय फुटतात! बोटांसकट पाय, तेही शेपटीच्या जागी.

मुरमांच्या लेखात बेडूक कशाला, असं वाटेल. पण गाठीगाठींचे, पू धरणारे, गेल्यावरही खड्डे ठेवून जाणारे मुरूम ज्या औषधाने हटतात, ते आयसोट्रेटिनॉइन याच घराण्यातलं आहे. अंगणवाडीतल्या बाळाला नवव्या महिन्यापासून चमच्याने ‘अ’चा डोस पाजतात ना, त्याचंच हे भावंड. ही मंडळी पेशीच्या गाभ्यात शिरून कोणतं जनुक चालू ठेवायचं आणि कोणतं बंद, हे ठरवतात. गर्भात कुठे काय घडायचं, याच्या सूचनाही त्यांच्याकडूनच जातात. एवढी ताकद चेहऱ्यावरच्या फोडांसाठी वापरायची, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मुळा-मुठा आणि भीमेच्या मधल्या राहू बेटात ऊस आणि गुऱ्हाळं. इथे पोराच्या तोंडावर फोड आले की निदान ठरलेलं: ‘उष्णता झालीय.’ आणि उपाय: ‘लग्न झालं की जातील.’ साध्या पुटकुळ्या जातातही. गाठींचे मुरूम मात्र वाट बघत बसत नाहीत, व्रण करून मोकळे होतात.

अशाच हट्टी मुरमांचे 14 रुग्ण अमेरिकेत गॅरी पेक यांच्या गटाने निवडले. 1979 साली निष्कर्ष आले: 13 जणांचे मुरूम पूर्ण गेले, आणि औषध थांबवल्यावरही बराच काळ परतले नाहीत. 1982 मध्ये अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली. जंतू मारण्यापेक्षा ते मुळाशीच हात घालतं. त्वचेतल्या तैलग्रंथी आक्रसतात, तेल जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर येतं, रंध्रं तुंबायची थांबतात आणि तेलावर जगणारे जंतू आपोआप उपाशी पडतात.

मात्रा वजनावर ठरते: किलोमागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम. हल्ली बरेच डॉक्टर त्याहून कमीवरही भागवतात. औषध चरबीत विरघळणारं असल्यामुळे कॅप्सूल उपाशीपोटी घेतली तर बरीचशी वाया जाते. तूप-भाकरी, दूध असं काही पोटात गेलं की दुप्पट अंगी लागते. तेलग्रंथींना झोपवणारं औषध ओठांना कसं सोडेल? ओठ जवळपास सगळ्यांचेच फुटतात. ते चालायचंच, मलम लावायचं. कातडी नाजूक होते, उन्हाने लवकर भाजते, आणि उसाच्या पाचटाचे ओरखडे एरवीपेक्षा जास्त झोंबतात. यकृत आणि रक्तातल्या चरबीची तपासणी आधी आणि अधूनमधून करावी लागते. पोरगं गप्प-गप्प राहू लागलं, उदास दिसलं, तर घरच्यांनी लगेच डॉक्टरांना कळवावं.

डोळ्यांची गोष्ट तर मोठी गमतीची. ‘अ’ कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, आणि हे त्याचं भावंड डोळ्यातल्या ‘अ’च्याच कामात अडथळा आणून रात्रीची नजर मंदावू शकतं, कधी अचानक. रात्री उसाची ट्रॉली घेऊन कारखान्याकडे निघणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने हे आधी ऐकलेलं बरं. वर जीवनसत्त्व ‘अ’च्या गोळ्याही घ्यायच्या नाहीत. गाजरं खायला हरकत नाही. गाजरातलं कॅरोटीन शरीर गरजेपुरतंच बदलून घेतं. तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर चालू कॅप्सूल दाखवा, कारण डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्यांसोबत कवटीतला दाब वाढू शकतो. डोकं ठणकलं, नजर धूसर झाली, तर औषध थांबवून डॉक्टर गाठायचे.

अडचण अशी, की त्वचारोगतज्ज्ञापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत मेडिकल लागतं. तिथून ‘गोरं करणारी’ स्टेरॉइडची ट्यूब येते. आठवडाभर चेहरा उजळतो आणि मग त्या ट्यूबचेच मुरूम उठतात. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीच्या औषधांत घातली. तरी मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून आणलेली ट्यूब किंवा कॅप्सूल घरोघरी सापडते.

कॅप्सूल अशी उसनी घेणं सर्वांत धोक्याचं. बेडूकमाशाच्या शेपटीची जी वाट चुकते, तशी गर्भाचीही चुकू शकते. 1985 साली एडवर्ड लॅमर आणि सहकाऱ्यांनी गरोदरपणात हे औषध पोटात गेलेल्या बाळांची नोंद मांडली: कान, हृदय, मेंदू यांत गंभीर दोष. पाळी चुकल्याचं ध्यानात येईपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

आणि आपल्याकडे मुरूम घालवायची घाई कधी होते? लग्न ठरल्यावर! उपचार बहुधा 5-6 महिन्यांचा, कधी जास्त. वर शेवटच्या कॅप्सूलनंतर आणखी एक महिना गर्भ राहता कामा नये. म्हणून साखरपुडा झाला असेल तर लग्नाची तारीख डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायची. अविवाहित मुलीलाही ते गर्भधारणेची चाचणी सांगतात, पाळीबद्दल आणि संततिनियमनाबद्दल विचारतात. सोबत आलेली आत्या किंवा मावशी अवघडते, तेव्हा तिला जरा बाहेर बसवावं. हा प्रश्न प्रत्येकीलाच विचारतात, त्यात संशय नसतो.

मुलांच्या बाबतीत गर्भाचा प्रश्न येत नाही, असं वाटतं खरं. पण शिवजयंतीला, गणपतीत गावात रक्तदान शिबिरं होतात आणि पोरं रांगेत उभी राहतात. कॅप्सूल चालू असताना आणि बंद झाल्यावर महिनाभर रक्त द्यायचं नाही. ती पिशवी एखाद्या गरोदर बाईलाही चढू शकते.