ड्रिलची ‘बॉडी’ आणि बिटची ‘लेन्स’

कॅमेऱ्याच्या हौशी मंडळींची भाषा ड्रिल मशीनला लावली की विनोद आपोआप तयार होतो. 13 मिलिमीटरचा चक म्हणजे ‘फुल फ्रेम’, 10 मिलिमीटरचा म्हणजे ‘क्रॉप’. एकाच मापाचा साधा बिट म्हणजे ‘प्राइम’, पायऱ्या-पायऱ्यांचा निमुळता बिट म्हणजे ‘झूम’. भोक वाकडे पडले तर दोष ‘बॉडी’चा, आणि उपाय एकच, नवी बॉडी. या थट्टेत तथ्य बरेच आहे. खोक्यावरचा आकडा मोठा म्हणजे काम चांगले, हा समज कॅमेऱ्याच्या दुकानात जितका घट्ट बसलेला असतो तितकाच हार्डवेअरच्या दुकानातही असतो.

कॅमेऱ्यात चित्र लेन्स उभे करते, तसे ड्रिलमध्ये भोक बिटच्या टोकावरच्या दोन धारा पाडतात. मशीनचे काम बिटला फिरवण्याचे आणि सरळ धरण्याचे. ही गोष्ट इतिहासातही दिसते. पीळ असलेल्या बिटचे पेटंट अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी 1863 मध्ये घेतले. विजेवरच्या ड्रिलचे पेटंट मेलबर्नमध्ये आर्थर अर्नॉट आणि विल्यम ब्रेन यांना 1889 मध्ये मिळाले. म्हणजे हल्लीच्या घडणीचा बिट मोटरच्या आधी सव्वीस वर्षे तयार होता. पिळाच्या खाचांचे मुख्य काम कापण्याचे नसून कापलेला माल बाहेर काढण्याचे आहे. पूर्वीच्या चपट्या टोकाच्या बिटांत चुरा भोकातच अडकून राहत असे. कापतात मात्र टोकावरच्या धाराच. म्हणूनच बोथट बिट महागड्या मशीनला लावला तर फक्त धूर निघतो आणि टोक निळे पडते, तर ताज्या धारेचा बिट साध्या मशीनवरही लोखंडात उतरत जातो. धार नीट लागली आहे का, हे कीस सांगतो. दोन्ही खाचांतून स्प्रिंगसारखी सारखीच वेटोळी बाहेर येत असतील तर दोन्ही धारा बरोबरीने कापत आहेत. एकाच बाजूने वेटोळे येत असेल तर धार एकीकडे झुकली आहे, आणि भोक बिटच्या मापापेक्षा मोठे पडणार.

आता आकडे. मेगापिक्सेल 12 चे 24 झाले तरी चित्राच्या लांबी-रुंदीत मोजला जाणारा तपशील दुप्पट होत नाही, सुमारे 1.4 पटच वाढतो. ड्रिलवर छापलेल्या वॅटचेही असेच आहे. वायरच्या मशीनवरचा 600 वॅट हा आकडा साधारणपणे मशीन किती वीज ओढते ते सांगतो. त्यातला काही भाग उष्णतेत जातो, बिटपर्यंत सगळी शक्ती पोहोचत नाही. बॅटरीच्या मशीनमध्ये 18 व्होल्टपेक्षा ‘20 व्होल्ट मॅक्स’ ताकदवान, असे सर्रास मानले जाते. दोन्हींत लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलचा नेहमीचा दाब 3.6 व्होल्ट धरला तर बेरीज 18 होते, आणि पूर्ण चार्ज झाल्या झाल्या असलेला सुमारे 4 व्होल्टचा दाब धरला तर 20. बॅटरी तीच, मोजायचा क्षण वेगळा.

चकच्या मापाविषयीही गैरसमज आहे. 13 मिलिमीटरचा चक म्हणजे त्याहून मोठे भोक पडणार नाही, असे नाही. तो आकडा चक जितका जाड दांडा पकडू शकतो त्याचा आहे. बारीक दांड्याचे मोठे बिट मिळतात, आणि लाकडाच्या दारात कुलपासाठी 50 मिलिमीटरहून मोठे भोक पाडणारी गोल करवतही याच चकमध्ये बसते.

‘वेग जितका जास्त तितके काम लवकर’ हा समज बिटांचे सर्वांत जास्त नुकसान करतो. धातू कापताना महत्त्वाचा असतो तो धारेचा कडेवरचा वेग. साध्या पोलादात हायस्पीड स्टीलच्या बिटसाठी तो मिनिटाला 25 मीटरच्या आसपास ठेवतात. त्या हिशेबाने 3 मिलिमीटरचा बिट मिनिटाला सुमारे 2,650 फेरे घेऊ शकतो, पण 10 मिलिमीटरचा फक्त 800. बिट मोठा झाला की वेग उतरवायचा. स्टेनलेस स्टीलमध्ये तर हलक्या हाताने भरभर फिरवलेला बिट नुसता घासत राहतो, आणि घासलेला पृष्ठभाग आणखी कडक होतो. तिथे वेग कमी, दाब भरपूर आणि तेलाचे थेंब, असेच काम करावे लागते.

सोनेरी बिटांची मोहिनी मोठी आहे. तो रंग टायटॅनियम नायट्राइडच्या मुलाम्याचा असतो. मुलामा खरा असेल तर तो कडक असतो आणि घर्षण कमी करतो, परंतु त्याची जाडी काही मायक्रॉन. पहिल्यांदा धार लावली की टोकावरचा मुलामा निघून जातो. कोबाल्टच्या बिटचे तसे नाही. त्यात 5 किंवा 8 टक्के कोबाल्ट पोलादातच मिसळलेले असते, त्यामुळे कितीही वेळा धार लावली तरी गुण टिकतो. कठीण पोलादाचे काम असेल तर पैसे इथे घालावेत. पायऱ्यांचा ‘झूम’ बिट पातळ पत्र्यात सुंदर गोल भोके पाडतो. पण पत्र्याची जाडी पायरीच्या उंचीपेक्षा जास्त झाली की वरचे तोंड मोठे आणि खालचे लहान राहते. जाड पट्टीला ‘प्राइम’च हवा.

भिंतीच्या बिटला धार नसते, म्हणून तो जुना झाला असे समजून तो दगडावर घासणारेही असतात. त्या बिटच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची पाचर बसवलेली असते, आणि ती मुद्दाम बोथट ठेवलेली असते. विटेला आणि काँक्रीटला कापायचे नसते, ठोकून फोडायचे असते.

इथे मात्र लेन्स-बॉडीची उपमा तोकडी पडते, कारण ठोकण्याचे काम बॉडी करते. ज्याला सगळेच ‘हॅमर ड्रिल’ म्हणतात त्यात दोन वेगळी यंत्रे आहेत. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवरून घसरतात. मिनिटाला चाळीस-पन्नास हजार ठोके बसू शकतात, पण प्रत्येक अगदी हलका, आणि तेही माणूस जितके रेटेल तितकेच. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबून ठोका मारतो. ठोके साधारण चार हजारच, पण एकेक दोन-तीन जूलचा. म्हणून विटेच्या भिंतीत दोन्ही चालतात, पण काँक्रीटच्या बीममध्ये इम्पॅक्ट ड्रिल दहा मिनिटे ओरडत राहते आणि रोटरी हॅमर काही सेकंदांत आत जातो. या मशीनच्या बिटचा एसडीएस दांडा खाचांत अडकतो आणि मागेपुढे मोकळा सरकतो. ही पद्धत बॉशने 1970 च्या दशकात आणली, आणि आता कोणत्याही कंपनीचा एसडीएस-प्लस बिट दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसतो. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीला सहसा बसत नाही, हा कॅमेऱ्याच्या माउंटचा जाच ड्रिलमध्ये बिटला नाही, बॅटरीला आहे. ती सहसा एकाच कंपनीच्या मशीनला लागते.

ठोका सगळीकडे चालतो, हेही खरे नाही. बाथरूमच्या टाइल्सवर आणि हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत हॅमर बंद ठेवायचा. टाइल तडकते, ब्लॉक आतून भुगा होतो आणि भोक सैल पडते. भिंतीत काय आहे ते भुकटी दाखवते. लाल भुकटी पडत असेपर्यंत वीट आहे, राखाडी पडू लागली की काँक्रीट लागले. बिट एकाच खोलीवर थांबून किणकिण वाजू लागला तर बहुधा सळई लागली आहे. तिथे रेटत राहिल्यास कार्बाइडची पाचर उडते, भोकाची जागा बदलणेच बरे.

स्क्रूला भिंत धरत नाही, प्लग धरतो. 8 नंबरच्या प्लगला 8 मिलिमीटरचाच बिट लागतो. ‘प्लग सहज जावा’ म्हणून एक माप मोठा बिट घेतला की शेल्फ महिन्याभरात हलू लागते. भोकातली भुकटी न काढताच प्लग ठोकला तरी तो तळापर्यंत जात नाही आणि पकड निम्मीच राहते. नायलॉनचा हा फुगणारा प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी 1958 मध्ये तयार केला. त्याआधी 1949 मध्ये त्यांनीच कॅमेऱ्याच्या शटरबरोबर पेटणाऱ्या फ्लॅशचे पेटंट घेतले होते. त्यांना घरात आपल्या लहान मुलीचा फोटो काढायचा होता.