दल सरोवरावरचा मुक्काम आणि खिशातली रोकड

श्रीनगरला पाण्यावर राहायचे की काठावर, हे घरूनच ठरवून निघावे. हाउसबोट म्हणजे एका जागी बांधून ठेवलेले, देवदाराच्या लाकडाचे तरंगते घर. केरळातल्या बोटींसारखी ती फिरत नाही; त्या अपेक्षेने जाणाऱ्यांचा हिरमोड ठरलेला. पुढे बैठकीची खोली, मग जेवणाची आणि अरुंद बोळाच्या कडेने झोपायच्या खोल्या, अशी तिची मांडणी असते.

पर्यटन खात्याने हाउसबोटींना डिलक्स, ए, बी, सी, डी अशा श्रेणी दिल्या आहेत. मात्र श्रेणीइतकीच जागाही महत्त्वाची. बुलेव्हार्ड रस्त्यासमोरच्या रांगेत वाहनांचा आवाज आणि शिकाऱ्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, माल विकणाऱ्यांची वर्दळ असते. निगीन सरोवर शांत, पण बाजारापासून लांब. बऱ्याच बोटींवरून काठावर यायला दर वेळी शिकारा लागतो. त्यामुळे ही ने-आण भाड्यात धरली आहे का आणि रात्री उशिरा शिकारा मिळेल का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे. न्याहारी व रात्रीचे जेवण बहुधा भाड्यातच असते. शाकाहारींनी तसे आधी कळवावे. सोबत गुडघेदुखीचे ज्येष्ठ किंवा पळापळ करणारी मुले असतील, तर एक रात्र बोटीवर आणि बाकीच्या हॉटेलात, हा हिशेब बरा.

ट्युलिपची बाग साधारण मार्चअखेर ते एप्रिल खुली असते. त्यामागोमाग शाळांची सुटी लागून महाराष्ट्रातली कुटुंबे येतात. या काळात भाडी चढतात. २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांत, म्हणजे चिल्लई कलानमध्ये, खोल्या स्वस्त मिळू शकतात. पण नळ गोठतात, आणि बुखारीचे (खोली तापवणाऱ्या शेगडीचे) किंवा विजेच्या ब्लँकेटचे पैसे वेगळे लागतात का, हे पाहावे लागते. बर्फाने विमाने रद्द होतात, म्हणून आरक्षण रद्द केल्यास परताव्याच्या अटी लेखी घ्याव्यात.

पैशांची खरी अडचण मोबाइलमुळे होते. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. सिम बंद म्हणजे बँकेचा ओटीपी नाही आणि वायफायच्या बाहेर यूपीआयही नाही. कुटुंबात निदान एक पोस्टपेड क्रमांक असावा आणि तो बँक खात्याला जोडलेला असावा. गुलमर्गच्या गोंडोलाची (रोपवेची) तिकिटे ऑनलाइन काढावी लागतात आणि हंगामात लवकर संपतात. ती घरूनच काढलेली बरी.

रोकड श्रीनगरातल्या एटीएममधून काढून घ्यावी, पुढच्या गावांच्या भरवशावर राहू नये. शिकारा आणि घोडेवाल्यांसाठी शंभराच्या नोटा हव्यात. शिकाऱ्याचे सरकारी दर ठरलेले असतात. ते पाहून, वेळ ठरवूनच बसावे. पहलगामला आरू, बेताब खोरे, चंदनवाडीसाठी तिथल्याच युनियनची टॅक्सी घ्यावी लागते. श्रीनगरहून ठरवलेल्या गाडीच्या भाड्यात हा खर्च बहुधा येत नाही, तो वेगळा धरावा.