गुरुऋणातून उभा राहिलेला स्वरोत्सव

पुण्यात दर डिसेंबरात भरणारा ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ मुळात एका शिष्याने गुरूला वाहिलेली आदरांजली आहे. किराणा घराण्याचे थोर गायक रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी पं. भीमसेन जोशी यांनी, गुरूंचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे यांच्या साथीने, हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो आजही भरवते. भीमसेनजींचा जन्म गदगचा, तालीम हुबळीजवळच्या कुंदगोळची. पण पुणेकरांनी त्यांना आपल्या घरचेच मानले.

भीमसेनजींचे काम केवळ गाण्यापुरते नव्हते. कलाकारांना ते स्वतः बोलावत. नामवंतांच्या बरोबरीने नव्या दमाच्या गायक-वादकांना ते मंच देत. गायन, वादन आणि नृत्य एकाच मांडवात आल्यामुळे किराण्याच्या शिष्याने सुरू केलेला हा उत्सव सगळ्या घराण्यांचा झाला.

मैफलीची खरी तयारी पडद्यामागे, तानपुऱ्यांपासून सुरू होते. तानपुऱ्याच्या चार तारांपैकी पहिली बहुधा मंद्र पंचमात, मधल्या दोन जोडाच्या तारा षड्जात आणि शेवटची पितळी तार खर्जात लावतात. मारव्यासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागासाठी पहिली तार निषादात, तर मालकंसासाठी मध्यमात लावतात. आधी खुंटी पिळून तार स्वराच्या जवळ आणली जाते, मग मणी किंचित सरकवून ती नेमकी जुळवली जाते. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो. तो केसभर मागेपुढे केला की एका जागी तार एकदम खुलते आणि गुंजन लांबत जाते. यालाच जवारी लागणे म्हणतात. डिसेंबरची थंड हवा आणि मंचावरच्या दिव्यांची ऊब यांमुळे जुळलेली तार पुन्हा हलते. म्हणून खोलीत लावलेले तानपुरे मंचावर परत तपासले जातात आणि श्रोतेही तेवढा वेळ शांत बसून राहतात.

कलाकारांचा क्रम ठरवताना रागांची वेळ सांभाळावी लागते. दुपार कलताना मुलतानी वा भीमपलास, दिवेलागणीला मारवा किंवा पूरिया, रात्र चढल्यावर दरबारी अशी ही चढण असते. पूर्वी मैफली रात्रभर चालत. ध्वनिक्षेपकाच्या वेळेचे नियम आल्यावर ते थांबले आणि उत्तररात्रीचे राग या मंचावर दुर्मिळ झाले.

वर्षानुवर्षे महोत्सवाची सांगता भीमसेनजींच्या गाण्याने होई. उत्तरकाळात तो मान डॉ. प्रभा अत्रे यांनी सांभाळला. २००८ मध्ये भीमसेनजींना ‘भारतरत्न’ जाहीर झाले. २४ जानेवारी २०११ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर गुरूच्या नावाशेजारी शिष्याचेही नाव महोत्सवाला जोडले गेले.

दीर्घकाळ रमणबाग शाळेच्या मैदानावर रंगलेला हा उत्सव पुढे मुकुंदनगरला गेला. जागा बदलली, वेळा बदलल्या, पण शेवट बदलला नाही. अखेरचा कलाकार उठल्यावर सवाई गंधर्वांच्या भैरवीचे जुने ध्वनिमुद्रण लावले जाते. ते संपले की महोत्सव संपतो.