देणगीचं हॉस्पिटल, वर्गणीची रात्रपाळी

परळला केईएमच्या शेजारी बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभं आहे. वाडिया घराण्यातल्या नेस आणि कुसरो या भावांनी १९२९ साली ते आईच्या नावानं सुरू केलं. वडिलांच्या, म्हणजे नवरोसजींच्या नावाचं प्रसूतिगृह त्याआधीच, १९२६ साली, झालं होतं. त्याच १९२९ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयालाही एक मोठी देणगी मिळाली. लेखक जे. एम. बॅरी यांनी ‘पीटर पॅन’चे हक्क हॉस्पिटलच्या नावे करून दिले. नाटक लागलं, पुस्तक खपलं, की मानधन हॉस्पिटलच्या खात्यात. बॅरी १९३७ साली गेले. पन्नास वर्षांनी हक्कांची मुदत संपली, तेव्हा ब्रिटिश संसदेनं पुढच्याच वर्षी कायद्यात खास तरतूद करून ब्रिटनमधली ही मिळकत हॉस्पिटलला कायमची लावून दिली. एका देणगीतून वास्तू मिळाली, दुसरीतून दरसाल येणारं उत्पन्न. आणि वाडियाची वास्तू नव्वद वर्षांनी भक्कम उभी असतानाच, जानेवारी २०२० मध्ये, हॉस्पिटल बंद पडतंय की काय अशी वेळ आली. महापालिका आणि राज्य सरकार यांच्याकडून मिळणारं अनुदान थकलंय, असं व्यवस्थापनाचं म्हणणं. पालिकेचे उलट कारभारावरच आक्षेप. कर्मचारी रस्त्यावर उतरले, प्रकरण हायकोर्टात गेलं, पुतळ्यांना पैसा आहे आणि आरोग्याला नाही अशा अर्थाचे खडे बोल न्यायालयानं सरकारला सुनावले, तेव्हा कुठे पैसे सुटले. भांडण विटा-सिमेंटचं नव्हतंच. ते औषधांचं आणि पगारांचं होतं.

लोकांनी दिलेल्या पैशासाठी आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांतला फरक आपण सहसा मनावर घेत नाही. देणगी म्हणजे देणाऱ्याच्या इच्छेनं, एकदा, बहुधा मोठी आणि बहुधा नावासकट. वर्गणी म्हणजे ठरलेला वाटा, दर वर्षी किंवा दर महिन्याला, पावतीपुस्तकातल्या एका ओळीपुरतं नाव. लहान मुलांच्या हॉस्पिटलांसाठी आपल्याकडे देणग्या बऱ्यापैकी मिळतात. त्यांना तुटवडा आहे तो वर्गणीचा. आणि निधी गोळा करणारे लोक, मग ते विश्वस्त असोत, रोटरी क्लब असोत की कंपन्यांचे सीएसआर विभाग, अजूनही देणगीच्याच मागे आहेत, असं मला वाटतं.

खर्च कुठे होतो ते पाहा. मुलांच्या अतिदक्षता विभागात दहा खाटा आहेत आणि दोन खाटांमागे एक सिस्टर ठेवायची, असं धरू. एका वेळी पाच सिस्टर लागल्या. पण दिवसाच्या पाळ्या तीन, आठवड्याचे दिवस सात. म्हणजे आठवड्याला एकशे पाच पाळ्या भरायच्या. एक सिस्टर आठवड्यात सहा पाळ्या करते. भागाकार केला की साडेसतरा येतात. त्यात रजा, आजारपण, बाळंतपणाची सुट्टी धरली की वीसच्या खाली गाडी चालत नाही. दहा खाटांची पाटी एकदा लावायची असते. वीस पगार दर महिन्याच्या एक तारखेला द्यायचे असतात. किंवा नवजात बाळांचा वॉर्मर घ्या. बाळाच्या पोटावर चिकटपट्टीनं लावलेला एक छोटा प्रोब असतो, बोटाच्या पेराएवढा. तो बाळाच्या त्वचेचं तापमान मोजतो आणि त्याप्रमाणे वरची उष्णता आपोआप कमी-जास्त होते. त्याची वायर नेमकी जोडापाशी वाकून वाकून तुटते. प्रोब गेला तरी वॉर्मर बंद पडत नाही, फक्त हाताने चालवावा लागतो. म्हणजे तापमानावर नजर ठेवायची जबाबदारी पुन्हा त्या सिस्टरवर, जिच्याकडे आधीच दोनाऐवजी चार बाळं आहेत. वॉर्मरवर दात्याचं नाव रंगवलेलं असतं. नवा प्रोब कुणी द्यायचा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली आणि मग राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. वायरिंगची तपासणी, आग विझवायची यंत्रणा, रात्री कक्षात थांबणारं माणूस, या गोष्टींसाठी फीत कापायला कुणी येत नाही.

याउलट, न दिसणाऱ्या गोष्टींवर पैसा गेला की काय होतं, त्याचं उदाहरणही परळलाच आहे. टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सरच्या मुलांचे उपचार मध्येच सोडून घरी निघून जाणारी कुटुंबं एके काळी पाचात एक इतकी होती. औषध उपलब्ध होतं, डॉक्टर होते, पण सहा-आठ महिने मुंबईत राहायचं कुठे, खायचं काय, गावाकडची मजुरी बुडते त्याचं काय? हॉस्पिटलच्या बालकर्करोग विभागाच्या जोडीनं उभ्या राहिलेल्या इम्पॅक्ट फाउंडेशननं देणग्यांचा पैसा राहणं, जेवण, रक्त, समुपदेशन आणि फोन करून पाठपुरावा यांकडे वळवला; सेंट ज्यूडसारख्या संस्था २००६ पासून अशा कुटुंबांना मोफत खोल्या देत आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचं काम तर त्याहून जुनं. उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण विसात एकाच्याही खाली आलं. यात एकही नवं मशीन नव्हतं.

मग कंपन्या असा खर्च का करत नाहीत? ठरावीक मर्यादेवरच्या कंपनीला २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे आणि त्यामुळे हॉस्पिटलांना फायदा झालाय, यात शंका नाही. पण या पैशाला दोन लगाम आहेत. एक म्हणजे मुदत: चालू प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून फार तर तीन वर्षं चालवता येतो. दुसरा लगाम त्याहून महत्त्वाचा: जानेवारी २०२१ पासून सीएसआरचा पैसा संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही. कायम निधी म्हणजे मुद्दल बँकेत ठेवून व्याजावर वर्षानुवर्षं खर्च भागवायचा, जवळजवळ बॅरींच्या पुस्तकासारखं. कंपनीला हा रस्ता बंद आहे, माणसांना मोकळा आहे. नेमकी हीच बाब निधी उभारणारे दात्यांना सांगत नाहीत. ते कंपनीकडेही यंत्र मागतात आणि शेजारच्या निवृत्त शिक्षकाकडेही यंत्रच मागतात, फक्त लहान.

इथे सीएसआर विभागातले लोक म्हणतील, पगारावर खर्च करायला आम्हाला कायदाच आडवा येतो. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे. प्रकल्प राबवताना थेट होणारा खर्च त्यात धरत नाहीत. म्हणजे नवजात कक्षाचा प्रकल्प असेल, तर त्यातल्या सिस्टरचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. आडवा येतो तो कायदा नसून अहवालातला फोटो. पगाराचा फोटो निघत नाही. शिवाय मार्च जवळ आला की उरलेली रक्कम संपवायची घाई असते आणि यंत्राचं बिल एका दिवसात होतं. कायदा कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्या असं सांगतो, त्याचाही परिणाम उघड आहे. कारखाने जिथे, तिथे पैसा. महाराष्ट्राला देशात सर्वाधिक सीएसआर मिळतो, असं आपण अभिमानानं सांगतो. त्यातला नंदुरबारच्या वाट्याला किती, हे विचारायचं राहून जातं.

अधिक गंभीर आक्षेप वेगळाच आहे. मुलांची हॉस्पिटलं सरकारनं चालवायची, लोकांनी वर्गणी काढायची म्हणजे सरकारला सुटका देणं नव्हे का? आक्षेपात तथ्य आहे. वाडियाचा प्रश्न शेवटी सरकारी पैशानंच सुटला, कोणत्याही वर्गणीच्या आवाक्यातला तो नव्हता. ब्रिटनमध्ये रोजचा खर्च सरकारी आरोग्यसेवा उचलते आणि ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटची धर्मादाय संस्था संशोधन, उपकरणं, पालकांची राहायची सोय असल्या वरच्या गोष्टी बघते. ती वाटणी योग्यच आहे. पण आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजना ठरलेल्या उपचाराचं ठरलेलं पॅकेज देते. चार महिने मुलासोबत राहणाऱ्या आईचं जेवण त्यात बसत नाही, आणि तुटलेला प्रोबही बसत नाही. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल रुग्णांसाठी राखाव्या लागतात, बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. हायकोर्टानं २००६ साली आखून दिलेली ही योजना आहे. तीही वापरून संपल्यावर जे उरतं, त्याच्यासाठी वर्गणी. आणि वर्गणी देणारा गप्प बसत नाही, हा तिचा दुसरा फायदा. दरमहा पाचशे देणारे दोन हजार लोक असले, तर अनुदान थकल्यावर जाब विचारणारे दोन हजार लोक असतात.

पण लोक नियमित देतील का? २०२१ साली मुंबई-पुण्याकडच्या बाळांना हवं असलेलं सोळा कोटींचं इंजेक्शन लोकांनी मोबाइलवरून पैसे जमवून आणलं. म्हणजे औदार्य कमी नाही. त्याला एक चेहरा लागतो आणि एक तारीख लागते. हॉस्पिटलच्या वीजबिलाला दोन्ही नसतात. चेहऱ्याच्या मागे जाणारी दानत वाईट म्हणता येत नाही, पण ज्या मुलाचा फोटो चांगला येत नाही, ज्याच्या बापाला स्मार्टफोन वापरता येत नाही, ते मूल मागे राहतं. हॉस्पिटलला दिलेली वर्गणी चेहरा बघत नाही. आणि नियमितपणाचं म्हणाल, तर परळ-लालबागच्या मंडळांनी वर्गणीवर शतकभर उत्सव चालवलेत. लालबागच्या मंडळानं २०२० साली कोरोनामुळे मूर्तीऐवजी रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला, तोही त्याच संघटनेच्या बळावर. घरोघर जाऊन पावती फाडायचं तंत्र आपल्याला नव्यानं शिकायचं नाही. करसवलतीचं आमिष मात्र आता फारसं चालणार नाही. नव्या करपद्धतीत ८०-जीची वजावटच मिळत नाही, तेव्हा माहितीपत्रकातली ती ठळक ओळ जरा खाली सरकवलेली बरी.

नावाची आणि अटींची देणगी वाईटच, असंही मी म्हणणार नाही. केईएमशी जोडलेल्या गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजच्या देणगीदारांनी अट घातली होती की शिकवणारे सगळे भारतीय डॉक्टर असावेत. साहेबांच्या राज्यात ती अट हट्टाची वाटली असेल. तिनं एक संस्था घडवली. तेव्हा कंपन्यांनीही अटी जरूर घालाव्यात. वॉर्मर देताना पाच वर्षांचा सर्वसमावेशक देखभाल करार, लागतील तेवढे प्रोब, आणि प्रकल्पाच्या मुदतीपर्यंत चार सिस्टरचे पगार, असं एकाच पत्रात लिहावं. वर चौथ्या वर्षी हे पगार कोण देणार, हे हॉस्पिटलनं पहिल्याच वर्षी लेखी सांगावं, अशी अट घालावी. चौथ्या वर्षासाठी पहिल्या वर्षापासून पावतीपुस्तकं बाहेर पडायला हवीत: सोसायट्यांत, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांत, आणि त्या कंपनीच्या कामगारांतही, कारण कामगारानं स्वतःच्या पगारातून दरमहा कापून दिलेला पैसा सीएसआर नसतो आणि त्याला तीन वर्षांची मुदतही नसते. परदेशातल्या मराठी मंडळींपैकी ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांच्या बचतीतून आलेली वर्गणी विदेशी देणगीत मोजली जात नाही. ज्यांनी नागरिकत्व बदललं, त्यांच्यासाठी हॉस्पिटलला केंद्राची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं लागतं. ते करून घ्यायला एक कारकून पुरतो, त्याचा पगारही वर्गणीतून द्यावा. आणि पावतीवर ‘सढळ हस्ते मदत केल्याबद्दल’ वगैरे छापण्याऐवजी साधं लिहावं: नवजात कक्ष, रात्रपाळी, महिना जून.