एक क्लब, दोन राष्ट्रे

खेळाच्या इतिहासाकडे आपण बहुधा विजयांची आणि पराजयांची यादी म्हणून पाहतो. कोणी किती सामने जिंकले, कोणी किती गोल केले, एवढे कळले की आपले समाधान होते. परंतु काही क्लबांची हकिगत अशी असते की, तिच्यातून एखाद्या शहराचे, किंबहुना एका अख्ख्या प्रदेशाचे नशीब वाचता येते. अशाच एका क्लबाची माहिती या लेखात देण्याचे आम्ही योजिले आहे. हा क्लब रुमानियातील ओराद्या या शहराचा. तो १९१० साली जन्मास आला आणि १९६३ साली मोडला. या ५३ वर्षांत त्याने हंगेरीचे राष्ट्रीय विजेतेपद एकदा मिळविले आणि रुमानियाचेही एकदा मिळविले. हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. एकच क्लब दोन देशांचा विजेता कसा होऊ शकतो? याचे उत्तर फुटबॉलच्या नियमांत सापडत नाही. ते युरोपच्या नकाशात सापडते.

ओराद्या हे शहर क्रिशुल रेपेदे, म्हणजे ‘वेगवान क्रिश’, या नदीच्या काठी वसलेले आहे. हंगेरीची सरहद्द येथून अगदी थोड्या मैलांवर आहे. या शहराला तीन भाषांत तीन नावे आहेत. रुमानियन लोक त्याला ओराद्या म्हणतात, हंगेरियन लोक नॉज्वाराद म्हणतात, आणि जुने जर्मन लोक ग्रोसवार्डाइन म्हणत असत. ज्या गावाला तीन नावे असतात, त्या गावाला मालकही एकाहून अधिक लाभलेले असतात, हे निराळे सांगावयास नको. १९१० साली जेव्हा काही हौशी मंडळींनी तेथे अ‍ॅथलेटिक क्लब काढला, तेव्हा शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. साहजिकच क्लबाचे नाव हंगेरियन होते : नॉज्वारादी अ‍ॅटलेटिकाय क्लुब. व्यापार भरभराटीला आलेला होता, नव्या धर्तीच्या सुंदर इमारती उठत होत्या, आणि शहराच्या लोकवस्तीत ज्यूंचे प्रमाण मोठे होते. वकील, डॉक्टर, व्यापारी, वर्तमानपत्रकार यांच्या त्या गजबजलेल्या नगरीत फुटबॉल हा नवा शौक लवकरच रुजला.

पहिले महायुद्ध संपले आणि साम्राज्य कोसळले. १९१९ च्या एप्रिलमध्ये रुमानियन सैन्य शहरात आले, आणि ४ जून १९२० रोजी झालेल्या त्रियानोच्या तहाने त्या ताब्यावर शिक्कामोर्तब केले. या तहान्वये हंगेरीच्या राज्याचा सुमारे दोन-तृतीयांश मुलूख गेला. क्लबातील खेळाडू त्याच घरांत राहत होते, त्याच मैदानावर खेळत होते. परंतु त्यांचा देश बदलला होता. क्लबाचे नाव आता ‘क्लुब अ‍ॅटलेटिक ओराद्या’ झाले.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. फुटबॉलचा क्लब हा स्वतःच्या मर्जीने कोणत्याही देशाच्या स्पर्धेत भाग घेत नाही. प्रत्येक देशात खेळाची एक राष्ट्रीय संघटना असते. क्लब तिच्याकडे नोंदविलेला असतो, आणि त्या संघटनेने भरविलेल्या स्पर्धेतच त्याला खेळता येते. त्यामुळे सरहद्द हलली की क्लबाची संघटना बदलते, संघटना बदलली की प्रतिस्पर्धी बदलतात, आणि काल ज्या राजधानीत सामने खेळावयास जायचे ती आज परकी होते. ओराद्याच्या संघाला आता बुदापेस्तऐवजी तिमिशोआरा, क्लूज आणि बुखारेस्ट येथील क्लबांशी झुंजावे लागले.

या नव्या रिंगणातही क्लब मागे राहिला नाही. १९२३-२४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. मात्र तिमिशोआराच्या किनेझुल या त्या काळच्या अजिंक्य संघाकडून हरला. १९३४-३५ साली पुन्हा दुसरा क्रमांक मिळाला, आणि या वेळीही वाटेत उभा होता तो तिमिशोआराचाच रिपेन्सिया क्लब. विजेतेपद दोनदा हाताशी येऊन निसटले.

याच काळात क्लबाने एक असा खेळाडू घडविला की, त्याचे नाव रुमानियाच्या फुटबॉलमध्ये पुढे साठाहून अधिक वर्षे गाजत राहिले. त्याचे नाव युलियू बोदोला. हंगेरियन लोक त्याला ज्युला बोदोला म्हणत. १९१२ साली ब्राशोव्ह येथे जन्मलेला हा पुढल्या फळीचा खेळाडू १९३१ पासून रुमानियाच्या राष्ट्रीय संघाकडून खेळू लागला. ४८ सामन्यांत त्याने ३० गोल केले. हा उच्चांक १९९० नंतरच्या दशकात गेओर्गे हाजीने मोडला, तोपर्यंत कोणालाही त्याच्या पुढे जाता आले नव्हते. १९३७ साली बोदोला बुखारेस्टच्या व्हीनस क्लबात गेला आणि तेथे त्याने १९३९ व १९४० ची विजेतेपदे पाहिली.

आता नकाशा पुन्हा हलला. ३० ऑगस्ट १९४० रोजी व्हिएन्ना येथे जर्मनी आणि इटली यांनी निवाडा दिला की, उत्तर ट्रान्सिल्व्हेनियाचा सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटरचा मुलूख हंगेरीला द्यावा. ओराद्या त्या मुलुखात होते. वीस वर्षांनी शहर पुन्हा नॉज्वाराद झाले आणि क्लबानेही आपले जुने नाव धारण केले. बोदोला राजधानी सोडून आपल्या जुन्या क्लबात परतला. लवकरच तो हंगेरीच्या राष्ट्रीय संघाकडून खेळू लागला, आणि त्या संघासाठीही त्याने १३ सामन्यांत ४ गोल केले. एका देशाकडून अधिकृत स्पर्धेत खेळलेल्या खेळाडूने दुसऱ्या देशाचा गणवेश चढविण्यावर आज आंतरराष्ट्रीय संघटनेचे कडक निर्बंध आहेत. त्या काळी ते तसे नव्हते. बोदोलाच काय, त्याचा सहकारी फ्रान्चिस्क श्पीलमान हाही दोन्ही देशांकडून खेळला. हंगेरीत त्याचे नाव फेरेन्त्स शारवारी असे झाले. माणूस एकच, पायांतील कसब तेच. पण कागदावर नाव दुसरे आणि राष्ट्रही दुसरे.

हंगेरीच्या फुटबॉलवर त्या वेळी राजधानीचे निर्विवाद राज्य होते. स्पर्धा सुरू झाल्यापासून बुदापेस्त आणि तिच्या वेशीवरील उपनगरे यांच्याबाहेर विजेतेपद कधी गेलेच नव्हते. नॉज्वारादच्या संघाने १९४२-४३ च्या हंगामात दुसरा क्रमांक मिळविला. पहिला आला तो चेपेलचा संघ. पुढच्याच हंगामात, १९४३-४४ साली, या सरहद्दीवरच्या संघाने फेरेन्त्सवारोशसारख्या मातबर क्लबाला मागे टाकून हंगेरीचे अजिंक्यपद मिळविले. परप्रांतातील एखाद्या क्लबाने राजधानीकडून हा मान हिरावून घेण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे ज्यॉरच्या क्लबाने तो मान मिळविला, तोपर्यंत १९६३ साल उजाडले होते. याच संघात ज्युला लोरांट नावाचा एक तरुण बचावपटू होता. दहा वर्षांनी, १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, हंगेरीच्या त्या विख्यात संघाच्या मध्यरक्षणाची जबाबदारी त्याच्याच खांद्यावर होती.

एवढ्यावर थांबलो तर ही एक आनंदाची कथा ठरेल. पण तसे करणे सत्याला धरून होणार नाही. १९ मार्च १९४४ रोजी जर्मन फौजांनी हंगेरी व्यापली. मे महिन्याच्या आरंभी नॉज्वारादच्या ज्यू रहिवाशांना शहराच्या एका भागात कोंडण्यात आले. बुदापेस्त वगळता हंगेरीतील ती सर्वांत मोठी कोंडवाडी होती. मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या दिवसांपर्यंत आगगाड्यांमागून आगगाड्या भरून २५ हजारांहून अधिक माणसे आउशवित्झला पाठविण्यात आली. त्यांतील बहुतेक परत आली नाहीत. एव्हा हेमान या नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीने त्या दिवसांत लिहिलेली रोजनिशी मागे राहिली. ती स्वतः त्याच वर्षी आउशवित्झमध्ये मारली गेली.

शहराच्या लोकसंख्येचा जवळजवळ चौथा हिस्सा ज्यू होता. ज्या समाजाने हे शहर उभारले, त्याच्या दुकानांनी, दवाखान्यांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याला रूप दिले, तो समाज ज्या वसंतात नाहीसा झाला, त्याच वसंतात शहराच्या क्लबाने देशाचे अजिंक्यपद मिळविले. या दोन गोष्टींचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही, हे उघड आहे. खेळाडूंना दोष देण्याचाही आमचा हेतू नाही. परंतु क्लबाच्या सन्मानाच्या पाटीवर ‘१९४४’ हा आकडा वाचताना त्या आकड्याची दुसरी बाजू वाचकांनी विसरू नये, एवढेच आम्हाला सुचवावयाचे आहे.

ऑक्टोबर १९४४ मध्ये सोव्हिएत आणि रुमानियन सैन्याने शहर घेतले. १० फेब्रुवारी १९४७ च्या पॅरिसच्या तहाने जुनी सरहद्द पुन्हा कायम झाली. बोदोला बुदापेस्तला जाऊन एम. टी. के. क्लबात दाखल झाला. ओराद्याचा क्लब मात्र आपल्या गावीच राहिला आणि आणखी एकदा रुमानियाचा झाला.

आता त्याच्यापुढे निराळेच संकट आले. सरहद्द स्थिर झाली, पण राज्याचे स्वरूप पालटले. डिसेंबर १९४७ मध्ये राजाने सिंहासन सोडले, आणि १९४८ मध्ये कारखाने, बँका, खाणी सरकारजमा झाल्या. खेळाचे क्लबही स्वतंत्र राहिले नाहीत. सोव्हिएत पद्धतीप्रमाणे प्रत्येक क्लब कोणत्या ना कोणत्या खात्याला, उद्योगाला किंवा कामगार संघटनेला जोडण्यात आला : सैन्याचा एक, गृहखात्याचा एक, रेल्वेचा एक. ओराद्याच्या क्लबाला आरंभी ‘लिबेर्तातेया’, म्हणजे स्वातंत्र्य, असे नाव मिळाले. पुढे तो नगरपालिकेच्या उपक्रमाकडे गेला आणि ‘आय. सी. ओ.’ या आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला. या रुक्ष नावानेच त्याने १९४८-४९ साली रुमानियाचे अजिंक्यपद मिळविले. हंगेरीच्या विजेतेपदाला तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती.

अशी दुहेरी कामगिरी जगात फार थोड्या क्लबांच्या नावावर आहे. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळली असता व्हिएन्नाच्या रापिड क्लबाने १९४१ साली जर्मनीचे अजिंक्यपद जिंकले होते. आयर्लंडमधील डेरी सिटी हा क्लब १९६५ साली उत्तर आयर्लंडचा विजेता होता आणि १९८९ साली दक्षिणेकडील प्रजासत्ताकाचा. पण डेरीच्या बाबतीत सरहद्द जागची हलली नाही. अशांततेमुळे क्लबच एका संघटनेतून दुसरीत गेला. ओराद्याचा क्लब आपले मैदान सोडून कोठेही गेला नाही. त्याच्या डोक्यावरून देश आले आणि गेले.

१९५६ साली ‘प्रोग्रेसुल’, म्हणजे प्रगती, या नावाखाली त्याने रुमानियाचा चषक जिंकला. अंतिम सामन्यात कंपिया तुर्झीच्या मेतालुल संघावर २-० असा विजय मिळाला. हा त्याचा अखेरचा मोठा विजय होय. पुढे तो ‘क्रिशाना’ झाला. दरम्यान १९५८ साली शहरात क्रिशुल नावाचा दुसरा क्लब निघाला होता आणि तो जोर धरीत होता. १९६३ साली जुना क्लब मोडण्यात आला. ज्याला दोन महायुद्धे, दोन तह आणि एक निवाडा मोडू शकले नाहीत, तो शांततेच्या काळात कागदावरच्या निर्णयाने संपला.

या अंताचा विचार करताना आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सरहद्दी बदलल्या तेव्हा क्लबाचे नाव बदलले. परंतु प्रत्येक वेळी ते शहराचेच नाव होते, फक्त भाषा निराळी होती. लोकांना आपला क्लब ओळखता येत होता. १९४५ नंतर मात्र शहराच्या नावापुढे खात्यांची आणि घोषणांची बिरुदे येऊ लागली. नाव वरून येऊ लागले, आणि जे वरून येते ते वरूनच काढूनही घेता येते. सभासदांच्या वर्गणीवर आणि गावाच्या मायेवर उभी असलेली संस्था संकटे सोसून उरते; हुकुमावर उभी असलेली संस्था दुसऱ्या हुकुमाने जाते. सार्वजनिक संस्था चालविणाऱ्या कोणालाही हा धडा परका वाटू नये.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. क्रिशुलचा पुढे एफ. सी. बिहोर झाला, आणि २०१६ साली तोही कर्जापायी बुडाला. त्यानंतर २०१७ साली शहरातील काही मंडळींनी ‘क्लुब अ‍ॅटलेटिक ओराद्या’ हे जुने नाव पुन्हा उभे केले आणि खालच्या श्रेणीपासून खेळावयास आरंभ केला. नवी संस्था म्हणजे जुनाच क्लब की त्याच्या नावाचा वारस, हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि त्यात आम्ही शिरत नाही. चोपन्न वर्षांनंतरही शहराला तेच नाव हवेसे वाटले, ही गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. शहरातील जुन्या क्रीडांगणाला युलियू बोदोलाचे नाव देण्यात आले. दोन राष्ट्रांनी ज्याला आपला म्हटले, त्याला अखेर एका गावाने आपल्या दाराशी जागा दिली.